त्याला बहुधा सगळं माहीत आहे

पत्र

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. तीन महिन्यांपूर्वी त्याला ल्युकेमिया झाल्याचं कळलं. अक्यूट लिम्फोब्लास्टिक, डॉक्टर एएलएल म्हणतात. आम्ही दोघांनी ठरवून त्याला 'रक्तात इन्फेक्शन आहे, औषधं लांबणार आहेत' एवढंच सांगितलं. पहिल्या महिन्याच्या केमोनंतरचा रिपोर्ट चांगला आला, डॉक्टर समाधानी आहेत. मुलगा मात्र आतून बंद झालाय. दिवसभर भिंतीकडे तोंड करून मोबाइल घेऊन पडलेला असतो. नर्सशी नीट बोलतो, माझ्यावर मात्र पाण्याचा ग्लास कुठे ठेवला यावरूनही खेकसतो. केस गेल्यापासून मित्रांना भेटायला साफ नकार. आंघोळीला मदत करायला गेले की दार लावून घेतो. मागच्या आठवड्यात शेजारच्या बेडवरचा, त्याच्याच वयाचा मुलगा रात्रीत गेला. सकाळी याने विचारलं, 'तो कुठे आहे?' मी म्हटलं, 'घरी गेला.' तेव्हापासून तो माझ्याशी जवळजवळ बोलतच नाही. 'तू लढवय्या आहेस, धीर धर' म्हटलं की कानात हेडफोन घालतो. खरं सांगितलं तर तो खचून जाईल ना?

– एक आई

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे त्याला येऊन मिळतात. तुमच्या मुलाला बहुधा माहीत आहे. पंधरा वर्षांचा मुलगा, हातात दिवसभर मोबाइल, आणि डोक्याशी टांगलेल्या पिशवीवर औषधाचं नाव छापलेलं. 'व्हिनक्रिस्टीन' हे केमोचं औषध आहे, हे शोधायला त्याला कितीसा वेळ लागणार? शिवाय वॉर्ड आहेच. तिथे कुणाच्याच डोक्यावर केस नाहीत, कुणाची तरी फाइल उघडी पडलेली असते, राउंडला आलेले शिकाऊ डॉक्टर बेडच्या पायाशी उभे राहून आजाराचं नाव घेऊन मोकळे होतात. इन्फेक्शनने असे केस जात नाहीत, हे त्याने पहिल्या महिन्यातच ताडलं असेल.

हे नुसतं माझं मत नाही. मायरा ब्लूबॉण्ड-लँगनर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाई 1970च्या दशकात ल्युकेमिया झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये कित्येक महिने वावरल्या. मुलांना काही सांगायचं नाही, अशीच तेव्हा पद्धत होती. तरीही आपल्याला काय झालंय, कुठलं औषध कशासाठी, ते लागू पडतंय की नाही, हे त्या मुलांना टप्प्याटप्प्याने कळत गेलं होतं, बरंचसं एकमेकांकडून. आणि आपल्याला कळलंय याचा पत्ता त्यांनी आईवडिलांना लागू दिला नाही. विषय काढला की मोठी माणसं रडतात किंवा उठून जातात, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. ती मुलं तीन ते नऊ वर्षांची होती, ताई. तुमचा पंधराचा आहे.

म्हणजे तो हे ओझं आत्ताच एकट्याने उचलतोय, आणि वर तुमच्यासमोर काही माहीत नसल्याचं सोंगही त्यालाच वठवावं लागतंय. मी तुम्हाला दोष देत नाही. निदानाच्या त्या आठवड्यात भल्याभल्यांची जीभ वळत नाही. पण तो आठवडा आता मागे पडलाय.

सांगायचं कसं? आधी तुम्ही नवराबायको एकमेकांशी बोलून घ्या. एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने डोळ्यांनी खुणावायचं, असं झालं तर पोराच्या ते लगेच लक्षात येतं. मग डॉक्टरांची बसून बोलता येईल अशी वेळ मागा, राउंडच्या घाईतली नको. आणि त्यांना विनंती करून ठेवा की बोलताना त्याच्याकडे पाहून बोला. हे वरवर क्षुल्लक वाटतं. मी काही वर्षं कर्करोग विभागात समुपदेशक होते. तिथल्या किशोरवयीन मुलांची सर्वांत मोठी तक्रार सुयांबद्दल नसे, 'डॉक्टर माझ्याबद्दल माझ्यासमोर आईशी बोलतात' ही असे.

सुरुवात तुमच्या तोंडून होऊ दे. 'आम्ही तुला इन्फेक्शन सांगितलं ते खरं नव्हतं. तुला ल्युकेमिया आहे, रक्ताचा कॅन्सर. आम्ही घाबरलो होतो. यापुढे तुझ्या आजाराबद्दल तुझ्या पाठीमागे काही बोललं जाणार नाही.' एवढं पुरे. लगेच माहितीचा भडिमार नको. 'तुला काय काय कळलंय?' असं विचारा आणि गप्प बसा. मुलांनी इंटरनेटवर बहुतेकदा काहीतरी जुनं, किंवा मोठ्या माणसांच्या वेगळ्याच ल्युकेमियाबद्दल वाचलेलं असतं, आणि खरी गोष्ट त्या मानाने पुष्कळ बरी निघते. जिथे उपचार पूर्ण मिळतात तिथे एएलएल झालेली लहान मुलं दहापैकी नऊच्या आसपास बरी होतात. किशोरवयात हे प्रमाण थोडं खाली येतं. तुमच्या मुलापुरतं काय, ते त्याच्या तपासण्या पाहून त्याचे डॉक्टरच सांगू शकतील, आणि ते त्याला ऐकायचंय का, हेही त्यालाच विचारायचं. काही मुलांना आकडा हवा असतो, काहींना अजिबात नको असतो.

'मी मरणार का?' हा प्रश्न येईल. डॉक्टर समोर असताना नाही येणार, मध्यरात्री सलाइनच्या पंपाची पिपाणी वाजून तुम्ही दोघंही जागे झालात की येईल. तेव्हा 'असं काय बोलतोस' म्हणालात तर तो विषय तुमच्यापुरता कायमचा संपला. 'आत्ता तरी औषधं लागू पडतायत आणि तू बरा व्हावास म्हणूनच हे सगळं चाललंय. शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही. काही बदललं तर तुला सांगू.' इतकं खरं त्याला पेलतं. मग विचारा, नेमकी भीती कशाची वाटते? पुष्कळदा मरणाची नसतेच. पाठीच्या मणक्यातून दिल्या जाणाऱ्या औषधाची असते, आयसीयूत एकटं राहायची असते, किंवा आपल्यापायी घर कर्जात बुडतंय याची असते. ही शेवटची भीती मुलं कधीच आपणहून बोलून दाखवत नाहीत. हिशोब मात्र मनात चालू असतो, कारण बाबा गॅलरीत उभं राहून फोनवर कुणाकडे तरी पैसे मागतायत हे त्यांनी ऐकलेलं असतं.

आता शेजारच्या मुलाबद्दल. तुम्ही जे म्हणालात ते वॉर्डातलं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतं. पडदे ओढतात, पहाटे चादर बदलतात, सकाळी नवा पेशंट येतो आणि कुणी चकार शब्द काढत नाही. पण त्या दोघांनी कितीतरी रात्री एकमेकांच्या बेडचा उजेड पाहिलेला आहे. कदाचित मोबाइलवर बोलणंही होत असेल, आणि आता पलीकडून उत्तर येत नाहीये. ही बाब डॉक्टरांच्या भेटीपर्यंत ताटकळत ठेवू नका, आजच सांगा. 'तो घरी नाही गेला. तो वारला. मला सांगवलं नाही.' त्या मुलाच्या आजाराचा तपशील तुम्ही द्यायचा नाही, तो त्याच्या घरच्यांचा आहे. पण 'प्रत्येकाचा आजार आणि त्याची प्रकृती वेगळी असते, तुझं काय ते डॉक्टरांना विचारू' हे जरूर सांगा, कारण त्याच्या मनात पहिली तुलना तीच झालेली असणार. अशा वेळी या मुलांना दुःखाबरोबर एक सुटकाही वाटते, 'मी नव्हतो' अशी, आणि मग त्याच सुटकेची प्रचंड लाज वाटते. तसं वाटतं सगळ्यांना, एवढं तुम्ही बोलता बोलता म्हणून टाका. त्याला त्या मुलासाठी काही करायचं असेल, त्याच्या आईला दोन ओळी पाठवायच्या असतील, तर पाठवू द्या.

खेकसण्याचं दुहेरी आहे. एक भाग औषधाचा. एएलएलच्या उपचारांत प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन ही स्टिरॉइड्स असतात. त्यांनी चेहरा सुजतो, भूक भडकते, झोप उडते आणि मन इतकं वरखाली होतं की मुलाला स्वतःलाच कळत नाही आपण का ओरडलो. ती थांबली की काही दिवस उलट गळून गेल्यासारखं होतं. एका वहीत स्टिरॉइडचे दिवस आणि त्याची चिडचिड शेजारी शेजारी लिहून पाहा. मेळ बसला तर वही डॉक्टरांना दाखवा आणि त्यालाही दाखवा. 'हे औषधाचं आहे, मी वाईट वागतोय असं नाही,' हे कळल्यावर हमसून रडलेली मुलं मी पाहिली आहेत. डोस मात्र स्वतःच्या मनाने कमी करायचा नाही, एक गोळीसुद्धा.

दुसरा भाग तुमचा. नर्सशी गोड आणि तुमच्यावर आगपाखड, याचं कारण साधं आहे: नर्सला राग आला तर काय होईल याची त्याला खात्री नाही, तुमची आहे. तुम्ही उद्याही असणार आहात. हे बोलायला सोपं आणि सोसायला महाकठीण आहे, म्हणून रोज दोन तास तरी तुमच्या जागी दुसरं कुणी बसू दे आणि तुम्ही वॉर्डाबाहेर जा. अपमान गिळत राहायचं असंही नाही. 'तुला राग येऊ शकतो, पण ग्लास माझ्या अंगावर फेकायचा नाही' हे आजारी मुलालाही सांगता येतं, सांगावंच. सगळे नियम गुंडाळून ठेवले की मुलांना उलट धास्ती वाटते, आपलं फारच वाईट असणार म्हणून.

'लढवय्या' मात्र सोडून द्या. हेतू चांगला आहे, मान्य. पण पलीकडच्याला त्यातून ऐकू येतं की रडलो तर हरलो. आणि उद्या आजार उलटला तर? मी कमी लढलो? 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावरच्या तोवरच्या संशोधनाचा आढावा आला होता. लढाऊ वृत्तीने कर्करोगाचे रुग्ण जास्त जगतात, याला पटेल असा पुरावा त्यात मिळाला नाही. आजार पेशींचा आहे, काम औषधांनी करायचंय. त्याला एखादा दिवस भिंतीकडे तोंड करून काढायचा असेल तर तो त्याने बिनधास्त काढावा, रक्तातल्या पेशींच्या काउंटवर त्याचा काही परिणाम होत नाही.

दार लावण्याचं. ताई, हा मुलगा तीन महिन्यांपूर्वी खोलीत शिरताना तुम्हाला दार वाजवायला लावत असेल. आता त्याची लघवी मोजून लिहितात, पोट साफ झालं का हे अनोळखी माणसं सगळ्यांदेखत विचारतात, आणि आंघोळीला आई. याच वयात शरीर आपलं व्हायला लागतं आणि नेमकं याच वयात ते वॉर्डाच्या ताब्यात जातं. लहान मुलांच्या विभागात भिंतीवर कार्टून, मोठ्यांच्या विभागात शेजारी आजोबांच्या वयाचे पेशंट. किशोरवयीनांना जागाच नसते. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात 1990 साली त्यांच्यासाठी वेगळा कक्ष निघाला, पण आजही बहुतेक मुलांच्या वाट्याला या दोन्हींपैकीच काहीतरी येतं. तुमच्या हातात जेवढं आहे तेवढं करा. बाथरूममध्ये स्टूल ठेवा, औषधाची नळी नीट झाकून द्या, दार नुसतं लोटलेलं ठेवायचं आणि तुम्ही बाहेर हाकेच्या अंतरावर, असं ठरवा. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी असताना पडणं धोक्याचं असतं, हे कारण त्याला उघड सांगा. पटलं तर तो ऐकेल. हात लागणारच असेल तर वडील किंवा पुरुष मदतनीस. पडद्याआत येण्याआधी तुम्ही स्वतः आवाज द्या, म्हणजे इतरही देतील.

दर काही दिवसांनी डॉक्टरांनी त्याच्याशी दहा मिनिटं एकट्याने बोलावं, तुम्ही बाहेर. तुमच्यासमोर विचारता न येणारे त्याचे प्रश्न आहेत. त्यातला एक पुढे मूल होण्याबद्दलचा असतो. काही केमोऔषधांनी प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो, आणि वयात आलेल्या मुलाचं वीर्य साठवून ठेवायचा विचार शक्यतो उपचारांआधी व्हावा लागतो. घाईत तो राहून गेला असेल तर आता घाबरून जाऊ नका. त्याला दिलेल्या औषधांचा परिणाम कितपत आणि पुढे कधी तपासायचा, हे डॉक्टरांना विचारा. पंधरा वर्षांच्या मुलाला यातलं काय कळतंय, असं मात्र धरून चालू नका.

मित्रांची सक्ती नको. केस केमोचे सुरुवातीचे जड महिने संपले की परत येतात, चेहऱ्याची सूज उतरते, हे त्याला सांगा, पण त्याला आज आरशात जे दिसतं ते आजचं आहे. कॅमेरा बंद ठेवून एखाद्याच मित्राशी ऑनलाइन गेम, तिथून सुरुवात होते. त्या मित्राला तुम्ही गुपचूप 'आजाराबद्दल बोलू नकोस' असं पढवू नका. पोरं आपसांत जे अचकटविचकट बोलतात तेच त्याला हवंय. प्रत्यक्ष यायचं असेल तर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काउंट पाहून आणि सर्दीखोकला नसलेला, एवढंच.

आणि त्याला ठरवू द्या. केमो घ्यायची की नाही हे त्याच्या हातात नाही, तेव्हा 'आता घेऊ या ना औषध?' असा खोटा प्रश्न विचारूच नका. नाही म्हणाला तर तुम्ही ऐकणार आहात का? पण सुई कुठल्या हाताला, बघायचं की मान वळवायची, बधिर करणारं मलम लावायचं का (ते तासभर आधी लावावं लागतं, नर्सला आठवण करायचं काम त्याचं), दिवा कधी बंद, कुणाला भेटायचं, नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याच्याबद्दल काय लिहायचं, हे सगळं त्याचं. शेवटचं फार महत्त्वाचं. त्याचा केस गेल्यानंतरचा फोटो त्याला न विचारता कुणालाही गेला नसेल अशी आशा करते. आमच्या वॉर्डात सोळा वर्षांच्या एका मुलीने पडद्यावर कागद टाचला होता: 'अकराच्या आधी कसं वाटतंय हे विचारू नये. वाईट वाटतंय.' खाली एका नर्सने लिहिलं, 'रक्त घ्यायला साडेसहाला आले तर चालेल?' तिने त्यावर 'न बोलता' असं लिहून सही केली. पुढे त्या दोघींचं चांगलं जमलं.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवायची नाही. दोन आठवडे कशातच, अगदी मोबाइलमध्येही मन लागत नसेल, औषध तोंडातून बाहेर काढत असेल तर डॉक्टरांना सांगून मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. आणि जगण्यात अर्थ नाही, मरून जावंसं वाटतं, असं एकदा जरी बोलला तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरांना सांगा आणि त्याला एकटं सोडू नका. स्टिरॉइडनेही असे विचार येऊ शकतात आणि त्यावर उपचार आहेत. 'असा विचार येतो का?' असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही.

खरं सांगायला मी इतकी मागे लागले आहे त्याला आणखी एक कारण आहे. एएलएलचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. सुरुवातीचे महिने रुग्णालयात जातात, मग मोठा काळ घरी गोळ्या: मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. तेव्हा त्याला बरं वाटत असेल, केस आलेले असतील, शाळा सुरू असेल, आणि गोळी विसरणं अगदी सोपं असेल. घरी मर्कॅप्टोप्युरिन घेणाऱ्या मुलांच्या अभ्यासात दिसलंय की शंभरातल्या पंच्याण्णव गोळ्यांपेक्षा कमी घेतल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. महिन्यात दोन चुकल्या की त्या रेषेखाली जातो. आणि गोळ्या जास्त चुकवतात ती लहानग्यांपेक्षा किशोरवयीन मुलंच. 'रक्तातल्या इन्फेक्शन'साठी कुठला सतरा वर्षांचा मुलगा वर्षानुवर्षं रोज गोळी घेईल? ती कशासाठी आहे हे ठाऊक असलेला घेईल, आणि ते ठाऊक करून द्यायला आत्ताइतकी बरी वेळ नाही, कारण आत्ता रिपोर्ट चांगला आहे.

तेव्हा आज त्या शेजारच्या बेडवरच्या मुलाबद्दलचं खरं सांगा. उद्या डॉक्टर राउंडला आले की त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठू नका. त्याच्या बेडपाशी, त्याला ऐकू जाईल असं विचारा, 'याला तुमच्याशी बोलायचंय, अर्धा तास कधी देता?' तो म्हणेल, मला नाही बोलायचं. म्हणू दे. वेळ घेऊन ठेवा.